कपाळावरची पहिली ओळ

काकू बोलायच्या तुमच्याशी आणि बघायच्या तुमच्या कपाळाकडे. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या कपाळाला काही लागलंय. लागलेलं काही नसायचं. केस कुठून उगवतात, कुठे वळतात, कोपऱ्यात किती विरळ होतात, हे काकू पाठ करत असायच्या. एकदा दवाखान्याच्या रांगेत एका गृहस्थांकडे इतकं टक लावून बघितलं, की ते बायकोला घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. आता तीस वर्षं विग बनवणाऱ्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

कारखाना म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर लाकडी डोकी, डोक्यांवर ताणलेली बारीक जाळी. आकड्याची सुई जाळीतून घालायची, केस ओढून घ्यायचा, गाठ मारायची. एका विगला अशा हजारो गाठी. डोक्याच्या मागच्या बाजूला थोडं इकडचं तिकडे झालं तर चालतं, पण कपाळावरची पहिली ओळ चुकली की सगळी मेहनत पाण्यात. ती ओळ काकूंशिवाय कुणी करायची नाही, असा मालकांचा हुकूम होता आणि काकूंना त्याचा ताठा होता. का नसावा?

तो ताठा उतरवला पोस्टातल्या बाईंनी.

या बाई पोस्टात खिडकीवर बसायच्या. आजारपणाच्या औषधांनी केस गेले होते. पूर्वीचे केस कुरळे, म्हणजे अगदी स्प्रिंगसारखे. रजा संपत आली होती. म्हणाल्या, "माझ्या खिडकीपुढे दिवसभर माणसं वाकतात, हातभर अंतरावर. त्यांनी भांडावं, उशीर झाला म्हणून ओरडावं, माझी ना नाही. पण कुणी माझ्याकडे बघून 'अरेरे' म्हणायला नको. एकाने जरी म्हटलं ना, तर मी उठून घरी जाईन, आणि परत येणार नाही."

काकूंनी झकास विग केला. बाईंनी तो घातला, आरशात बघितलं आणि काढून ठेवला. "हे माझे केस नाहीत. मी कुरळी टोपी घातलीय." काकूंचं डोकं फिरलं. तरी त्यांनी पुढच्या काठावर आणखी केस गाठले. मग तर कपाळावर कुंपणच उभं राहिलं. या वेळी बाई भांडल्याही नाहीत. हळूच म्हणाल्या, "रजा वाढवून मिळते का बघते." ते काकूंना फार लागलं. सोमवारी बाईंना हजर व्हायचं होतं, आणि आज मंगळवार होता.

मालक म्हणाले, "सरळ केसांचा द्या करून. शोभेल त्यांना."

"त्यांना शोभायचं नाहीये. त्यांना पूर्वीसारखं दिसायचंय," काकू म्हणाल्या, आणि बाईंना फोन लावला. "तुमच्या घरात आणखी कुणाचे केस असे आहेत?"

दुसऱ्या दिवशी बाईंची धाकटी बहीण आली. केस तसेच आणि जीभ बाईंच्या दुप्पट. काकूंनी तिला खिडकीशी बसवलं आणि भिंग घेऊन तिच्या कपाळावर वाकल्या. तास झाला, दीड तास झाला.

"काकू, उवा शोधताय का?"

"गप्प बस गं. मान हलवू नकोस."

सरळ केसांचं कपाळ काकूंना तोंडपाठ होतं. काठावर एकेक केस, मागे झुकलेला, ओळ जरा वेडीवाकडी, की झालं. केस आडवा पडतो आणि आपलीच गाठ झाकतो. तेच त्यांनी कुरळ्या केसांना लावलं होतं. आणि इथे तर केस मुळापासूनच उभा राहत होता, म्हणजे त्याखालची गाठ उघडी पडणार. शिवाय काठावरचे केस मागच्या केसांच्या जातीचेच नव्हते. बारीक, तपकिरी, अर्धवट वळलेली नुसती लव. खरे कुरळे केस सुरू होत होते बोटभर मागे. कानशिलावर लव खाली वळलेली, मधे पुढे आलेली, डाव्या कोपऱ्यात चक्क भोवरा.

"माझंच चुकलं," काकू मोठ्याने म्हणाल्या. तीस वर्षांत हे वाक्य त्या खोल्यांत कुणी ऐकलं नव्हतं. मालक आतल्या खोलीतून बघायला आले.

पण इतके बारीक केस आणायचे कुठून? डब्यांमधले सगळे जाड. काकूंनी बहिणीला पाठमोरी केलं, मानेवरचे केस वर उचलले. तिथे तीच लव होती.

"चिमूटभर दे मला."

"घ्या. मात्र ताईला मीच सांगणार, आणि वर्षभर ऐकवणार."

काकूंनी पुढचा बोटभर काठ सगळा उसवला. जाळी बाईंच्या कपाळाच्या रंगात रंगवून घेतली. काठावर बहिणीची लव, एकेक केस, प्रत्येकाचं वळण बघून. त्यामागे सैल कुरळे, मग घट्ट. उघड्या पडणाऱ्या गाठींचा काळा रंग उतरवला, कपाळावर ठिपके दिसायला नकोत म्हणून. तीन दिवसांत पाठीचा काटा ढिला झाला. मालक जाता जाता म्हणाले, "विस्कटलंय हो, जरा सारखं करा." काकूंनी नुसती सुई उगारली.

शनिवारी बाईंनी विग घातला. आरशाजवळ सरकल्या. मग डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा भोवरा आई पाणी लावून दाबायची," एवढंच म्हणाल्या आणि बहिणीचा हात धरून रडल्या. पण काकू कच्च्या नव्हत्या. आरशापुढे ठीक दिसलं म्हणून काय झालं? खरी परीक्षा रांगेत होणार होती.

सोमवारी सकाळी काकू पोस्टात जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक आजोबा होते. त्यांनी खिडकीशी वाकून चष्मा चढवला आणि बाईंकडे निरखून बघितलं. काकूंनी रांगेतून मान बाहेर काढली.

"इतके दिवस कुठे होतात?"

"रजेवर."

आजोबा बघतच राहिले. बाईंचा शिक्का हातातच थांबला.

"आणि आलात त्या केस न विंचरता? ऑफिस आहे हे. कपाळावर बघा काय जंगल माजलंय."

बाईंनी कपाळावरची बट मागे सारली, ती लगेच पुढे आली.

"जन्मापासून असेच आहेत, आजोबा. कंगव्याचं ऐकत नाहीत, तुमचं काय ऐकणार? आणा ते पाकीट." आणि शिक्का असा हाणला की टेबल हादरलं.

काकूंना वाटलं, सगळ्या रांगेला ओरडून सांगावं, मी केलंय ते. पण सांगायची सोय नव्हती. तशाच खिडकीशी गेल्या.

"काय पाठवायचंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग रांग कशाला अडवता? चला, पुढचे या." आवाज करडा, आणि डोळे भरलेले.

काकू कारखान्यात परतल्या. मालक वाटच बघत होते. "काय झालं?"

"एकाने केसांना नावं ठेवली."

मालक खुर्चीतून उठलेच. "काय म्हणाला?"

"विंचरून येत जा म्हणाला."

मालक टेबलावर हात आपटून हसायला लागले. काकूंनी त्या दिवशी सुईला हात लावला नाही. दिवसभर नुसत्या मिरवल्या.