भरून परत गेलेली कढई

आज ट्रॉय शहरातल्या माझ्या घरी लोखंडी कढईत तूप तापलं आणि त्या वासानं मला थेट ॲन आर्बरमध्ये नेलं. मी तिथल्या विद्यापीठात शिकत होते. शेजारच्या वेई या मैत्रिणीची आई चीनहून आलेली. मी तिला मावशीच म्हणायचे. गणपतीच्या शिऱ्यासाठी मी तिची कढई मागितली, तिनं हसत दिली. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून मी त्यात शिरा भरूनच घेऊन गेले.

झाकण काढून मावशी बघतच राहिली. मग हळूच चिनी भाषेत काहीतरी बोलली. वेई म्हणाली, "अगं, आई लहान असताना कम्युनिस्ट सरकारनं पोलादासाठी घराघरातली भांडी, कढयासुद्धा, नेली, वितळवली; एकही परत आलं नाही. सगळ्यांनी कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या सामुदायिक शेतीच्या, खानावळीत जेवायचं. मग तिथलंही धान्य संपलं. आईचा धाकटा भाऊ उपासमारीत गेला."

मावशीनं शिऱ्याचा पहिला घास माझ्याच तोंडात घातला.

तेव्हा ती मला नुसती प्रेमळ वाटली. आज माझी कढई पुसताना आठवतं, माझ्या हातात कढई देताना ती परत कधी आणशील, हे तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.