पोळ्याच्या आधी उतरवलेली मिशी

जानेफळहून अमरावतीला कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या मिसरुडाची नुकती कुठे मिशी झाली होती. वसतिगृहात नव्या पोरांची मिशी उतरवायची रीत होती. जुने विद्यार्थी एका रविवारी न्हाव्याला अंगणात बसवत आणि नव्यांना एकेक करून त्याच्यापुढे आणत. जो नाही म्हणे त्याच्या पायांवर दोघे बसत.

माझ्याही बसले. मी म्हणालो, "माहा बाप जिता हाये. आमच्याकडं बाप गेल्यावरच मिशी काढतेत."

"आमचेही जिवंतच आहेत की," एक जण म्हणाला आणि सगळे हसले. न्हाव्याने माझ्या डोळ्यांकडे न बघता वस्तरा चालवला.

पोळा तोंडावर आला होता आणि मी घरी येतो म्हणून कळवून बसलो होतो. जाऊ नये असं फार वाटलं, पण मी गेलो नसतो तर माय सणाचं जेवली नसती. तोंडाला रुमाल बांधून खामगावला आगगाडीतून उतरलो आणि मेहकरची मोटार धरली.

बाबा दोन दिवसांपासून नवा बैल पाहायला साखरखेर्ड्याला गेले होते. मला ते ठाऊक नव्हतं. दारात आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ज्वारी पाखडत होती. पाया पडताना रुमाल सरकला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"कुठी गेला रे माहा भाऊ," म्हणत तिने गळा काढला.

माय धावत बाहेर आली. मला पाहून ती भिंतीला टेकून खालीच बसली. शेजारपाजारच्या बाया जमल्या. बाबांना काही झालं नाही, असं मी सांगत होतो, पण त्या रडण्यात माझं कोणाला ऐकूच जाईना. तेवढ्यात एका म्हातारीने मायच्या कपाळावरचं कुंकू पुसलंसुद्धा. मी मायचे दोन्ही खांदे धरून हलवले.

"बाबाले काही नाही झालं, माय. कॉलेजातल्या पोरांनी काढली."

"पोरांनी?" ती म्हणाली. "काऊन?"

का काढली ते सांगण्याऐवजी मी आतून कुंकवाचा करंडा आणून तिच्या हातात दिला.

दिवेलागणीला बाबा बैल घेऊन आले. वेशीतच कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी बैल बांधला, पाय धुतले, मग माझ्याकडे पाहिलं.

"धरलं होतं का तुले?"

"हाव."

"शिकलेलेच होते ना ते?"

"हाव, बाबा."

पोळ्याच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "तू घरीच राह्य. लोक इचारतीन." नवा बैल ते एकटेच घेऊन गेले. मी आत बसून डफड्यांचा आवाज ऐकत राहिलो.

मी कॉलेजात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते ज्याला त्याला सांगत, दिवाळीनंतर पोराचं कॉलेज पाहायला जाणार. पोळ्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही कधी "चला" म्हणालो नाही. दर सुट्टीला म्हणावंसं वाटायचं, पण अमरावतीचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जात. मी बी. ए. झालो तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. कॉलेज कसं आहे हो, असं कोणी विचारलं की म्हणत, "चांगलं हाये म्हणतेत," आणि बोलणं पेरणीवर नेत.