चौथं मॉड्यूल

जगातली प्रत्येक चूक दुसऱ्याचीच असते, या सिद्धांतावर कोणी सगळा जन्म मजेत काढला असेल, तर तो बिबवेवाडीच्या आमच्या थोरल्या साडूंनी. बाजार खुला झाला तेव्हा हौसेने घेतलेली त्यांची निळी गाडी, मुलगा हिंजवडीत साहेब झाला तरी दारातच होती. फक्त त्या सुमारास तिच्यातली ठिणगी पाडणारी डबी, म्हणजे इग्निशन मॉड्यूल, दर दोन-तीन महिन्यांनी जळे. गाडी भर चौकात गप्प उभी राही आणि साडू मागच्या रिक्षावाल्याला विचारत, "हॉर्न कसला वाजवताय? मी काय हवा खायला थांबलोय?" मग डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तसा त्या डबीवर हात ठेवत आणि म्हणत, "ताप आहे." पहिलं मॉड्यूल जळलं ते बुधवार पेठेतल्या दुकानदारामुळे. दुसरं पेट्रोलमधल्या भेसळीमुळे. तिसरं माझ्यामुळे. मी दार आपटतो म्हणे! ताई, म्हणजे माझी मेहुणी, शांतपणे म्हणाल्या, "मॉड्यूल कशाला बदलता? एकदा मालक बदलून बघा."

चौथं जळलं तेव्हा मुलाने सांगून टाकलं, "बाबा, आता बास. रविवारी भंगारवाला येतोय." शनिवारी साडू जेवलेच नाहीत, तेव्हा ताईंनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तर हे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. डबी काढलेली होती, आणि आज प्रथमच ते डबीकडे न बघता तिच्याखालच्या पत्र्याकडे बघत होते. पत्र्यावर चंदेरी रंगाचा जाड थर होता. दर दसऱ्याला पूजेआधी बॉनेटच्या आतला पत्रा रंगवायचा हा साडूंचा कुळाचार. कोपरा सुटायला नको म्हणून डबी काढून तिच्याखालीसुद्धा! त्या डबीची उष्णता उतरते आणि तिला अर्थिंग मिळतं ते उघड्या पत्र्यातून. इतक्या वर्षांच्या रंगाच्या गादीवर ती बिचारी उकडून मरत होती.

"कोणी केला हा उद्योग?" ताईंनी दारातून विचारलं. त्यांना ठाऊक होतंच.

"मी," साडू म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून शंभरदा येई. या प्रश्नाचं उत्तर म्हणून मात्र पहिल्यांदाच आला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दोघांनी मिळून पॉलिश पेपरने पत्रा घासला आणि पाचवं मॉड्यूल बसवलं. रविवारी भंगारवाला आला तेव्हा साडू ताईंना शेजारी बसवून कात्रजच्या घाटात होते. परतल्यावर त्यांनी बॉनेटच्या आत चिठ्ठी डकवली: 'येथे कोणीही रंग लावू नये. मीसुद्धा लावणार नाही.' त्यानंतर ते मॉड्यूल कधी जळलं नाही.

साडूंना जाऊन दोन वर्षं झाली. दसऱ्याला आता मुलगाच बॉनेट उघडतो, आणि चिठ्ठीवर हळद सांडू नये म्हणून तळहात आडवा धरतो. मग ताईंना आणि मला एक चक्कर मारून आणतो. त्यांची फार आठवण येते. आता रागवायला कोणी नाही, तरी उतरताना मी दार अगदी हळू लावतो.