नऊ नंबरच्या खाटेचं ताट

माझं वय आता चौऱ्याहत्तर. भूत, करणी, झपाटणं यांवर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता. अकोल्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं मुख्य आचारी होतो. आमच्या खिडकीसमोरच प्रेतं ठेवायची खोली. तिकडे रडारड चालू असायची आणि इकडे आम्ही तांदळाची पेज ढवळत असायचो. काही दिसायचंच असतं तर मला पहिल्याच वर्षी दिसलं असतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. सून मोबाइलवर असले अनुभव वाचून दाखवायची, तेव्हाही हसायचो...

दवाखान्याचं नाव देत नाही. विमलबाईंचं नाव मात्र खरं आहे. ते द्यायला त्यांनीच सांगितलं.

आमच्याकडे प्रत्येक खाटेची चिठ्ठी यायची. साध्या जेवणाची पांढरी, शुगरवाल्याची पिवळी, किडनीवाल्याची गुलाबी. गुलाबी चिठ्ठीचं काम सगळ्यात किचकट. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची, पुन्हा फेकायचं. मग बिनमिठाची फोडणी. डायटिशियन मॅडम रोज अमरावतीहून यायच्या, त्यांनीच हे शिकवलं. पाणी का फेकायचं तेही त्यांनी सांगितलं असणार. मी फक्त ‘फेकायचं’ एवढंच ध्यानात ठेवलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ नंबरच्या खाटेवर जुन्या शहरातला एक पैलवान होता. तालमीचा वस्ताद, वय साठीच्या आसपास, डायलिसिसवर. देह उतरला होता, पण हाताचे पंजे तेवढेच राहिले होते. विमलबाई आमच्या वॉर्डात ताटं नेऊन द्यायच्या. पन्नाशीच्या, विधवा, तोंडाच्या फटकळ. पैलवान रोज ताट फेकायचा.

“हे जेवण व्हय? ढोराच्या ढेपीतबी मीठ असते!”

“ढोर गुमान खाते, वस्ताद,” विमलबाई म्हणाल्या. “तुमी त्याच्यापरीस जरा बरे वागा ना.”

सगळा वॉर्ड हसला. पैलवानानं भरलं ताट कडेला धरून विमलबाईंवर भिरकावलं. स्टीलची कड कपाळात घुसली. त्या खाली आल्या तेव्हा पदर लाल झाला होता आणि वरणाचे शिंतोडे त्या रक्तात मिसळले होते. तीन टाके पडले.

“महाराज, उद्यापासून तुमीच न्या त्याचं ताट. मायं कपाळ काई दगडाचं नाई.”

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर अपमान जास्त झोंबला. तीस वर्षं चूल सांभाळलेल्या आचाऱ्याचं जेवण रोज भिंतीवर!

माझ्या बायकोला बीपी होतं. घरी तिच्यासाठी कमी सोडियमचं मीठ आणलेलं होतं. ज्यांना मीठ वर्ज्य त्यांच्यासाठी खास मीठ, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी ती पुडी डब्याच्या पिशवीतून दवाखान्यात नेली आणि नऊ नंबरच्या वरणात, भाजीत त्यातलं मीठ सढळ हातानं घातलं. कुणाला विचारलं नाही. मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या.

ताट न्यायला शेवटी विमलबाईच गेल्या. ते चाटूनपुसून परत आलं. त्या हसत म्हणाल्या, “काय जादू केली वो महाराज? वस्ताद म्हनते, आज हातात चव आली याच्या.”

मी नुसता मिशीत हसलो. चार दिवस तसंच चाललं. पाचव्या दिवशी दुपारी, ताट मांडीवर असतानाच, पैलवानाचं हृदय बंद पडलं.

त्याचा मुलगा आणि आणखी दोघे तिथेच होते. “काय खाऊ घातलं माया बापाले?” एवढं ओरडणं मी खाली ऐकलं. मग भांडी आपटल्याचा आवाज आला. मग विमलबाईंचा. मी वर गेलो नाही. कोठीच्या खोलीत शिरलो, आतून कडी लावली आणि डाळीच्या पोत्याला पाठ लावून बसलो. बराच वेळ आवाज येत होता. नंतर कुणीतरी सांगितलं की फार मारलं, बहीण त्यांना अमरावतीला घेऊन गेली. कुठे लागलं, किती लागलं, हे मी विचारलं नाही. कुणी सांगू लागलं की उठून जायचो.

दोन दिवसांनी मी मॅडमना ती पुडी दाखवली. घरासाठी विचारतोय असं भासवलं.

“काकूंची किडनी चांगली आहे ना? मग चालेल,” त्या म्हणाल्या. “किडनीच्या पेशंटला मात्र चुकूनही देऊ नका. यात पोटॅशियम असतं. तेच कमी करायला तर आपण भाजीचं पाणी फेकतो, महाराज. ते वाढलं तर हृदय थांबतं.”

परतताना ती पुडी मी पुलावरून मोर्णेत टाकली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. विमलबाईंनी आपल्या डब्यातलं लोणचं पैलवानाला दिलं, असं कुणीतरी बोललं होतं. मला एकच प्रश्न विचारला. मी सांगितलं, “स्वयंपाकघरातून ताट अळणीच गेलं होतं. पुढं वॉर्डात काय झालं ते मला माहीत नाही.” सही केली. विमलबाईंना कामावरून काढल्याचं पत्र त्याच दिवशी गेलं.

आता पुढचं...

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला, मी ताटं भरत होतो. लख्ख उजेड, गॅस चालू, पोळ्या लाटणाऱ्या दोघी समोर. नऊ नंबरला नवीन पेशंट होता, पांढऱ्या चिठ्ठीचा. त्याचं ताट मी उचललं आणि ते माझ्या हातातून ओढलं गेलं. निसटलं नाही — ओढलं गेलं. वर गेलं, उभं झालं आणि कडेनं माझ्या कपाळावर आदळलं. तीन टाके. सगळे म्हणाले, हात ओला असेल. मीही म्हणालो, ओला होता.

तिसऱ्या दिवशी तीच वेळ. मी मोठ्या पातेल्यातलं वरण ढवळत होतो. मागून मानेला पकड बसली. बोटं अशी रुतली की श्वास बंद. मला वर उचललं. माझं वजन तेव्हा ऐंशी किलो होतं. मी पाय झाडत होतो आणि पायांना काही लागत नव्हतं. मग मला ओट्यावर आपटलं. डोकं वर काढतो तोच डाव्या कानावर तडाखा बसला, सणसणीत, उघड्या पंजाचा. कानात शिट्टी वाजली आणि त्या बाजूचं सगळं बंद झालं. मी फरशीवर पडलो. उजवा हात पसरला होता. त्यावर कुणीतरी पाय ठेवला आणि टाच फिरवली. हळूहळू, विडी विझवावी तशी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडल्याचा आवाज मला उजव्या कानानं ऐकू आला. समोर फक्त फरशी होती. सांडलेलं वरण होतं. वरणात कुणाच्या पायाचा ठसा नव्हता.

पोळ्या लाटणारी शांता भिंतीला चिकटून उभी होती. “महाराज,” तिला बोलता येईना, “तुमचे पाय... तुमचे पाय जमिनीले नव्हते वो!”

डॉक्टरांनी मिरगी लिहिली. त्याआधी मला कधी फिट आली नव्हती, त्यानंतरही नाही. मानेवरचे वळ त्यांनी पाहिले, पण कागदावर लिहिले नाहीत. कानाचा पडदा शाबूत निघाला, नसही शाबूत. तरी डाव्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. मी पुन्हा कामावर गेलो नाही.

पैलवानच आला होता, अशी माझी खात्री झाली. मी त्याचा जीव घेतला, त्यानं हिशेब चुकता केला. याचा एक फायदा असा की माझं मी फेडलं, असं मला म्हणता येत होतं. सहा वर्षं मी तेच म्हणत राहिलो. बायको होती तोवर सांगणं शक्य नव्हतं. मीठ तिच्या पुडीतलं आहे हे तिला सोसलं नसतं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. या हिवाळ्यात मी पत्ता काढून अमरावतीला गेलो. विमलबाई बहिणीकडेच राहतात. दारात त्यांनी मला ओळखलं, बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. समोरचे दोन दात नव्हते. मी सगळं सांगितलं... पुडी, कोठीची कडी, सही. त्या म्हणाल्या, “तुमी तर कोठीत होते. मंग तुमाले माईतच नाई त्यायनं काय केलं.”

“नाही.”

“आयका मंग. मानेले धरून उचललं अन् खाटेवर आपटलं. मंग ह्या डाव्या कानावर देल्ली एक. आजबी आयकू येत नाई. मंग खाली पाडलं, अन् हातावर पाय देल्ला.” त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं.

मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. मग स्वयंपाकघरात मला काय झालं तेही सांगितलं.

“तुम्ही काही केलं होतं का, विमलबाई? कुणाकडून... काही?”

“मी काय करीन? मी तर तोंडाले टाके घेऊन पडली होती इथंच. देवाचं नाव घेता येत नव्हतं, करणी कुठून करू!” मग त्या म्हणाल्या, “आखरीले तोंडावर मारलं. मी सांगून राहिली होती ना, मी काई देल्लं नाई, काई देल्लं नाई... म्हनून तोंडावर.”

तेवढा एकच मार मला पडला नव्हता.

मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही. “माफी घेऊन तुमी घरी जासान,” त्या म्हणाल्या. “अन् मी गल्लीत पैलवानाले मारनारीच राहीन. लोकाईले सांगा. नावासगट सांगा.”

दवाखान्याच्या ट्रस्टला आणि पोलीस ठाण्यात मी सहीनिशी लिहून दिलं आहे. पैलवानाच्या मुलालाही पत्र टाकलं आहे, घरच्या पत्त्यासकट. तो आला तर यावेळी मी कडी लावणार नाही.

तो हात कुणाचा होता, मला आजही कळलेलं नाही. पैलवानाचा असता तर त्यानं माझा जीव मागितला असता. मला पडला तो विमलबाईंचा मार, त्याच क्रमानं, आणि त्या जिवंत आहेत, अमरावतीत आहेत, त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तोंड तेवढं का सोडलं, तेही मी सांगू शकत नाही.

विमलबाईंनी पैलवानाला काहीही दिलं नव्हतं. मी दिलं होतं.