तिला दिसलेला बुडबुडा

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते पोराची मशीन टबात बुडवायचं.

पोरगा अंदमानात लोकांना समुद्रात खोल नेतो. सुट्टीत घरी आला होता, पहिली रिब्रीदर घेणार होता. पाठीवर बांधायची, सोडलेला श्वास चुन्याच्या दाण्यांतून साफ करून परत तोच घ्यायचा. नवी मशीन विमानात न्यायला जड. ही जुनी, एका बॅगेत मावणारी. दलालानं आठ दिवस पाहायला दिली होती. मला दलालाचा भरोसा नव्हता. जुनी वस्तू इतकी धुऊनपुसून कोण देते?

"उष्टा श्वास घेशील?" मी म्हटलं.

"अन् तुमी दुसऱ्याची अर्धी बिडी पेता ते?" बायको म्हणाली. पोरगा हसला.

आत पाणी शिरलं तर चुना भिजते आणि ते पाणी घसा जाळते, हे त्यानंच सांगितलं होतं. म्हणून म्हटलं, सायकलच्या ट्यूबसारखं पाहू.

"मी हवा भरून पाह्यली, बाबा. टिकते."

"तरी बुडव."

मशीनची श्वासाची पिशवी फुगवून मी आणि बायकोनं टबातल्या पाण्यात दाबली. कापडाच्या घड्यांतून थोडे बुडबुडे आले, थांबले.

"झालं," मी म्हटलं.

"काऊन झालं? थो पाहा, शिवणीपाशी. एकाच जागेवरून येऊन राहिला," बायको म्हणाली.

मला काही दिसेना. डोळे अधू झाले होते, पण घरात बोललो नव्हतो. "घडीतली हवा आहे. जन्मभर तलावात मासे धरायला मी डुबलो का तू?"

"मंग तुमीच पाहा." हात पदराला पुसून ती चुलीपाशी गेली. पोरानं माझं ऐकलं.

संध्याकाळी ती चुलीपाशीच पडली. दवाखान्यात नेताना कोहमाऱ्याचा फाटा यायच्या आधीच गाडीत तिचा जीव गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली. तिरडी बांधून झाली होती. तेवढ्यात दलालाचा फोन आला. पोरगा बाजूला होऊन हळूच बोलला, "हो, मशीन ठेवतो. तपासली आम्ही."

मी उठलो. "बुडबुडा होता. तुह्या मायले दिसला. मले दिसत नाही, दोन वर्सं झाली."

"बाबा, आता कायले ते..."

"आताच. लाव त्याले फोन."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पोरानं माझ्याकडे पाहिलं, मग फोन लावला. पोरगा दलालाला 'मशीन नको' म्हणेपर्यंत मी तिरडीला कोणाला हात लावू दिला नाही.