खणखणीत आणि बद्द

टिचकी मारल्याशिवाय आबांचा कशावरच विश्वास बसत नसे. नारळ असो, पाण्याचा माठ असो की शेजाऱ्याचा नवा दरवाजा, उजव्या तर्जनीचं नख त्यावर टणकन बसायचं आणि आबा मान तिरकी करून ऐकायचे. आमच्या नंदाखालात त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. खाडीकाठच्या पाड्यावरून कौलं चाळायला येणारे ते टिचकीआबा. चर्चसाठी नवी घंटा आली, तेव्हा ती वर चढवण्याआधी आबांनी सगळ्यांसमोर तिला टिचकी मारली आणि "चालंल" असा शेरा दिला. फादर हसून म्हणाले, "आता बिशपची परवानगी नसली तरी चालेल."

घंटेचं जाऊ द्या, आबांची टिचकी खरी कौलांसाठीच होती. दर वैशाखात ते छपरावर चढायचे, एकेक कौल उचलून वाजवायचे. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर खाली. बद्द म्हणजे आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे. "डोला फसंल बाय, नख नाय फसायचं," असं ते मला सांगायचे. मी आगाशीच्या शाळेत शिकवायला लागले तरी त्यांच्या लेखी मी 'बाय'च राहिले.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास आम्ही घर नव्याने बांधायला काढलं. पप्पा गेलेले, घरात मी आणि आई दोघीच. गल्फला गेलेल्यांच्या घरांवर स्लॅब चढत होते. तेवढी झेप आमची नव्हती, म्हणून आईने सिमेंटचे पत्रे आणि खाली चकचकीत मोझॅकच्या लाद्या असं ठरवून टाकलं. आबांना बाजारात पत्रा दाखवला. त्यांनी टिचकी मारली, मान तिरकी केली आणि दुकानदाराच्या तोंडावर म्हणाले, "मुका हाय."

आईला राग आला. तिने विचारलं, "आबाजी, कौलं घातली तर दरवर्षी चाळायची कुणी? तुम्ही सत्तरीला आलात. तुमच्यामागून कोण चढणार?" प्रश्न खरा होता. त्यांचा मुलगा कंपनीत कामाला होता, त्याने तर बापाच्या घरावरची कौलं उतरवून पत्रे घातले होते. दुपारच्या वेळी आबा गावात कुणाच्या ना कुणाच्या कौलांखाली आडवे व्हायचे. "घरात झोपलो का पोरगा मना वरनं भाजतो," असं हसत सांगायचे. आईच्या प्रश्नावर मात्र ते हसले नाहीत. नुसतेच नखाकडे बघत बसले.

चार दिवसांनी ते हातगाडी घेऊन आले. गाडीत त्यांच्याच घरावरून उतरवलेली कौलं होती. "मागल्या बांधाला पडून ऱ्हायलीत. तुझ्या घरावर चढव," म्हणाले. मी हो म्हणून बसले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग अंगणात निवड सुरू झाली. सुट्टीचे दिवस होते, मी कौलं पुसून द्यायची, आबा टिचकी मारायचे. उजवीकडे खणखणीत, डावीकडे बद्द. पहिल्याच सकाळी एक कौल चक्क बद्द वाजलं आणि आबांनी ते उजवीकडे ठेवलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून आईने चहाला हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आबांनी वळूनही पाहिलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आबांचे कान गेले होते; समोरच्याचं बोलणं ते तोंडाकडे बघून ओळखत होते आणि कौलांवर नुसत्या सवयीने नख मारत होते. गावात हे कळलं असतं तर उद्यापासून एकाही घराने त्यांना बोलावलं नसतं. मी कुणाला काही बोलले नाही. जेवून ते आंब्याखाली लवंडले की मी त्यांनी निवडलेलं प्रत्येक कौल पुन्हा वाजवून बघायची, चुकलेलं गुपचूप डावीकडे सरकवायची. चार दिवसांत माझ्या तर्जनीचं नख काळंनिळं झालं.

छप्पर चढलं. राहिली जमीन. डावीकडचा ढीग बघून आई म्हणाली, हा राडारोडा टाकायचा कुठे? आबांनी ती कौलं कुटायला घेतली. तो चुरा चुन्यात कालवून, धुमसाने चोपून, घरभर कोबा घालायचा म्हणाले. "छपराचं वय झालं का त्यानं खाली यावं, जमीन व्हावं. तुझं पत्रं फुटल्यावर जानार कुठं? त्यांना माती पन घेनार नाय." आईने लाद्यांचा नाद सोडला, पण कुरकुरतच.

कोबा चोपताना त्यांची नजर माझ्या बोटाकडे गेली. धुमस बाजूला ठेवून त्यांनी माझा हात हातात घेतला. काळ्यानिळ्या नखावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "किती चुकली?"

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, "अकरा."

मला रडू यायला लागलं. आबांनी मात्र माझं बोट तसंच धरून आईसमोर उंच केलं. "तू इचारलवतास ना, माझ्यामागनं कोन? ही बघ."

"मास्तरणीचं नख गेलं, त्याचं कौतुक!" आई करवादली, पण त्या दिवशी चहाबरोबर तिने नारळाच्या वड्या काढल्या.

पुढची पाच-सहा वर्षं वैशाखात मी कौलं वाजवायची आणि आबा अंगणात बसून माझ्या तोंडाकडे बघायचे. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कौल कळायचं. गावाने शिडीवरच्या मास्तरीणबाईंना यथेच्छ नावं ठेवली. काम झालं की आबा त्या गार कोब्यावर अंग टाकायचे आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचे.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांना बघायला गेले. पत्र्याखाली नुसती भट्टी होती. मुलगा बिचारा खाटेशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता. आबांनी मला ओळखलं, माझं बोट धरलं आणि स्वतःच्या छातीच्या हाडावर नेलं. "मार," म्हणाले. "कसा वाजतोय?"

मी हलकेच टिचकी मारली आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "खणखणीत!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि बोळकं पसरून हसले. "बद्द," म्हणाले. मग मुलाकडे वळून, अगदी सहज, "आता मना खाली घ्या रं."