उताणं उडायचं, तेही दक्षिणेकडे पाय करून

माझी मान मागे वळत नाही. नवव्या वर्षी चिंचेवरून पडलो, तेव्हापासून ती एका ठरावीक हद्दीपर्यंत जाते आणि थांबते. आकाश बघायचं असेल तर मला आडवं व्हावं लागतं. हे आधीच सांगतो, कारण हा प्रवास त्या मानेमुळेच घडला.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी धुळ्यात तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत शिकवत होतो. एक दिवस विलास नावाचा पुण्याचा माणूस ॲल्युमिनियमच्या पाइपाचा तुटलेला सांधा घेऊन आला आणि लेथवर नवा करून मागू लागला. पाइप कशाचा विचारलं तर म्हणाला, हँग ग्लायडरचा. म्हणजे कापडाचा मोठा तिकोनी पंख, त्याखाली माणूस टांगलेला, आणि टेकडीवरून धावत सुटायचं. पिंपळनेरच्या बाजूला त्याला एक बोडकी टेकडी सापडली होती. मी सांधा करून दिला आणि बदल्यात म्हटलं, मलाही शिकवा.

त्याने मला बाकावर पालथं झोपवलं आणि समोर बघायला सांगितलं. मला बाकाचे पाय दिसले. नापास. पण माणूस सरळ होता. जरा विचार करून म्हणाला की पूर्वी लोक उताणे पडूनही उडायचे, आरामखुर्चीत रेलल्यासारखे, पाय पुढे करून. तसा पट्ट्यांचा झोळा मात्र आता त्याच्याकडे नव्हता. झोळा मी शिवून घेतो, असं मी म्हणून बसलो.

घरी शोभाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिने वादावादी केली नाही. एवढंच म्हणाली, "इथे स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या तरी ओ देत नाही तुम्ही. वर गेल्यावर तर विचारायलाच नको." तक्रार जुनी होती आणि खरीही. मला ऐकू येतं, पण उत्तर द्यायची घाई वाटत नाही.

झोळा शिवला युसूफभाईंनी. आग्रा रोडला त्यांचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्याचं दुकान होतं. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मला दुकानातल्या फळीवर निजवून खडूने माप घेतलं, जाड नायलॉनचे पट्टे दुहेरी टाक्यांनी शिवले, झोळा आढ्याला टांगला आणि त्यात सरकीची दोन पोती दिवसभर ठेवली. संध्याकाळी एकेक टाका बोटाने चाचपला. मग दुकान पुतण्यावर सोपवून म्हणाले, "मास्तर, शिलाई मेरी है. मी पण येतो."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही दोघे धुळे स्टँडवरून साक्रीच्या एसटीत बसलो. पंख आणि पाइप घेऊन विलास भाड्याच्या टेम्पोतून पुढे गेला होता. साक्रीपर्यंत सुरतेचा हमरस्ता, तेव्हा एकपदरी. समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकाने धुळीत उतरायचं. साक्रीला उतरून शेवभाजी खाल्ली. तर्री एवढी की शेव बुडाली कुठे ते शोधावं लागलं. पुढे पिंपळनेरपर्यंत रस्ता अरुंद होतो, डोंगर जवळ येतात आणि गाडीतली माणसं एकमेकांना ओळखू लागतात. कुणी जाणार असेल तर डाव्या खिडकीची जागा धरा. आमच्या वेळी तिथे एक शेळी होती.

पिंपळनेरहून टेम्पोने कच्च्या वाटेवर अर्धा तास. टेकडी आबांच्या शेताला लागून होती. आबा साठीचे, कानात बाळी, अंगावर बंडी. त्यांनी आम्हाला खळ्यावर तीन खाटा टाकून दिल्या, आणि जेवणाचे पैसे विचारताच असं बघितलं की विलासने पाकीट परत खिशात घातलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, लसणाचा ठेचा, वांग्याचं भरीत. चारही दिवस हेच होतं आणि चारही दिवस मी जास्तच खाल्लं.

पहिला दिवस नुसत्या हमालीचा. उड्डाण मिनिटाचं, आणि पंख खांद्यावर घेऊन वर चढायला वीस मिनिटं, हे मासिकात लिहीत नाहीत. वारा भरला की पंख हिसके मारतो, म्हणून सुटेपर्यंत दोन्ही बाजूंच्या तारा दोघांनी धरायच्या आणि 'सोडा' म्हटलं की सोडायच्या. एक तार युसूफभाईंकडे, दुसरी आबांकडे. आबांनी ती पहिल्याच वेळी अशी धरली की विलास म्हणाला, यांना शिकवायला नको. जन्मभर बैलांचे कासरे धरलेले हात होते ते.

दुसऱ्या दिवशी झोळा कडुलिंबाच्या फांदीला टांगून मला त्यात निजवलं. आणि युसूफभाईंची चूक कळली. निजायचं म्हटल्यावर त्यांनी तो खाटेसारखा सपाट शिवला होता. मला दिसत होती फांदी आणि दोन चिमण्या. विलास म्हणाला, पायाच्या अंगठ्यांवरून जमीन दिसली पाहिजे, नाहीतर ती कधी आली ते तुम्हाला ती लागल्यावरच कळेल. मान मागे वळत नसली तरी पुढे झुकते, तेव्हा डोक्याखाली काहीतरी हवं होतं. युसूफभाई उठले. आबांच्या घरातून एक जुनी गोधडी मागून घेतली, तिची घडी घातली आणि दुपारभर बसून दाभणाने तिथे उशी शिवली. त्यांचा चेहरा पडला होता. पहिलं उड्डाण त्याच संध्याकाळी, पश्चिमेच्या उतारावरून: धावलो, पाय सुटले, रेललो, निळं कापड दिसलं, आणि मी कापलेल्या बाजरीच्या खुंटांवर बुडावर बसलेला होतो. जेमतेम दहा सेकंद. उशी ठीक होती, मीच पाय खाली सोडायला विसरलो. दोन आठवडे मी खुर्चीत एका बाजूला कलून बसत होतो.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. धुराची रेघ सरळ वर. आम्ही पिंपळनेरच्या बाजारात गेलो, चहा घेतला, हिरवा हरभरा खात परत आलो. याहून लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

चौथा दिवस शेवटचा. दुपारी टेम्पो पंख घेऊन पुण्याला निघणार होता, आणि मोसम संपल्यावर विलास हा पंख कुणाला तरी विकणार होता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. सकाळी वारा आला, छान, भरदार, पण दक्षिणेकडून. ग्लायडर वाऱ्याच्या तोंडावरच सोडावा लागतो. आम्ही सामान टेकडीच्या दक्षिण अंगाला नेलं. तो उतार उंचही होता. मी झोळ्याचे पट्टे अडकवले, युसूफभाईंनी त्यांची तार धरली. आबा मात्र हात मागे बांधून उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "दखनले पाय करीसन उताणा पडेल माणूस मी आजलगून एकच परकारना देखेल शे. मी तार धराव नही."

विलासने वाऱ्याचं शास्त्र समजावलं. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, म्हणजे नकार दिला. त्यांच्या वस्तीवरचे दोघे तरुण बघायला आले होते. ते आबांकडे बघून दोन पावलं मागे सरकले. वारा जोराचा होता, विलासला पुढून पंखाचं नाक दाबून धरायचं होतं, आणि एका तारेवर सुटणं म्हणजे पंख उलटवून घेणं. विलासने घड्याळात पाहिलं आणि पालथा होऊन स्वतःच एक फेरी मारतो म्हणाला. मला वाईट वाटलं. खरं तर खूपच वाईट वाटलं, आणि मी पट्टे सोडायला लागलो.

युसूफभाईंनी माझा हात धरला आणि आबांना शांतपणे विचारलं, मग काय केलं म्हणजे चालेल? बैल विकत घेताना विचारावं तसं, घाई न करता.

आबांनी उताराकडे, खालच्या विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी हाक मारत ऱ्हासू. तू ओ देत ऱ्हाय. मंग धरस."

एवढंच? मी हो म्हटलं. मला ते सोपं वाटलं.

आबांनी तार घेतली. मी 'सोडा' म्हटलं, पाच पावलं धावलो आणि सहावं पाऊल टेकलंच नाही. रेललो. डोकं गोधडीच्या उशीवर, समोर माझे दोन बूट, बुटांच्या मधोमध आबांची विहीर. "मास्तर!" मागून हाक आली. "ओ!" मी ओरडलो. पुन्हा हाक, पुन्हा ओ. मग उताराच्या वाऱ्याने पंख हळूच वर उचलला.

इथे मी काही फार वर्णन करणार नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून उभ्याने न दिसलेलं आकाश कापडाच्या कडेपासून पार लांबवर पसरलं होतं आणि पाठीला काहीही टोचत नव्हतं. तारा बारीक वाजत होत्या. खाली विहीर सरकत बाजूला गेली, बांध गेला, एक बाई डोक्यावरचा भारा धरून वर बघत थांबली. "मास्तर!" ऐकू आलं. स्पष्ट आलं, खोटं कशाला सांगू. दुसरी हाक आली, तिसरीही. उत्तर देता आलं असतं. मला त्या शांततेत तोंड उघडावंसं वाटलं नाही, इतकंच.

सव्वा मिनिट, असं विलास नंतर म्हणाला. या वेळी पाय वेळेवर खाली सोडले आणि उभा उतरलो. वळून पाहिलं तर आबा उतारावरून धावत येत होते. साठीचा माणूस, अनवाणी, काट्यांतून. वहाणा वरच राहिल्या होत्या. ते माझ्यापर्यंत आले, माझ्या दंडाला धरलं, आणि मग खाली बसले. मी हसत होतो. हसू तसंच राहिलं.

"ओ काबर नही दिधी?" एवढंच विचारलं त्यांनी.

पंखाची घडी करताना वस्तीवरच्या एका तरुणाने मला सांगितलं. आबांचा धाकटा भाऊ याच विहिरीत गाळ काढायला उतरला होता. आत हवा खराब. आबा वरून दोर धरून हाका मारत होते. पहिल्या दोन हाकांना ओ आली. मला शरम वाटली. त्याआधी आणि त्यानंतरही इतकी क्वचितच वाटली असेल. जाऊन आबांची माफी मागितली. ते पायातला काटा काढत होते. जेवून जा, म्हणाले.

परतीच्या एसटीत युसूफभाई झोळा मांडीवर घेऊन बसले होते. पारखून झाल्यावर म्हणाले की एकही टाका हललेला नाही.

तो पंख पुढे कुणी घेतला ठाऊक नाही. मी पुन्हा उडालो नाही. टेकडी अजून आहे, रस्ता आता चांगला चौपदरी झालाय साक्रीपर्यंत, शेवभाजीची तर्रीही तशीच आहे. झोळा माझ्याकडे आहे, गोधडीच्या उशीसकट. जाणार असाल तर फेब्रुवारीत जा आणि जाड विजार घाला.

घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. हातपाय धुऊन ओसरीतल्या बंगईवर आडवा झालो, झोका न देता. आत परातीचा आवाज येत होता. शोभाने स्वयंपाकघरातून एक हाक मारली, "अहो!"

"ओ," मी म्हणालो.

आतला आवाज थांबला. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" तिने विचारलं. "बरं नाही का वाटत?"